भिंत आणि हद्द यांच्यामधली जागा

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात माझे बांधकाम साहित्याचे दुकान आहे. सिमेंटची तीस-चाळीस पोती, दोन ब्रास वाळू आणि दोन-तीन हजार विटा एवढीच मागणी घेऊन कुणी आले की मी ओळखतो : हे नवे घर नव्हे, असलेल्या घराला एक खोली काढायची आहे. मुलाचे लग्न ठरलेले असते, आईला जिना चढवत नसतो, नाहीतर भाऊ वेगळा निघणार असतो. मी विचारतो, “परवानगी घेतलीत का?” उत्तर बहुतेक वेळा एकच असते. “आपल्याच जागेत बांधतोय. परवानगी कसली?”

२०१८ सालापर्यंत मीही हा प्रश्न कुणाला विचारत नव्हतो. त्या वर्षी तो माझ्याच दारात आला, आणि तेव्हापासून दुकान बंद केल्यावरची संध्याकाळ मी या विषयाच्या वाचनाला दिली. मी वकील नाही, वास्तुविशारद नाही. पुढे जे मांडतो आहे ते कायद्याच्या पुस्तकांतून, राजपत्रांतून आणि नगरपालिकेच्या अभिलेख कक्षातल्या जुन्या नकाशांतून वाचलेले आहे. थोडे आमच्या घरातलेही आहे. सुरुवात तिथूनच करतो.

आमची खोली

आमचा प्लॉट १८० चौरस मीटरचा. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९७४ मध्ये रीतसर नकाशा मंजूर करून त्यावर घर बांधले. पूर्वेला हद्दीपर्यंत दहा फूट जागा मोकळी ठेवली होती. हद्दीपलीकडे तीन फुटांवर शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी. त्यांचे घर आमच्याहून जुने.

१९८७ मध्ये दादाचे लग्न ठरले. अण्णांनी त्या दहा फुटांत हद्दीला टेकवून एक खोली काढली. गवंडी आणि मजूर मिळून पाच माणसे आणि तीन आठवडे. कुणाला विचारले नाही, कुणी अडवलेही नाही. काकू फक्त एकदा म्हणाल्या, “भाऊजी, आता दिवसाही दिवा लावावा लागतो बघा.” अण्णा म्हणाले, “वहिनी, पोराच्या लग्नाचा प्रश्न आहे.” विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी नगरपालिकेचा माणूस मोजणीला आला, त्याने घरपट्टीत ती खोली धरली, आणि आम्ही निश्चिंत झालो. पट्टी बसली म्हणजे खोली सरकारदरबारी लागली, अशी आमची समजूत होती.

अण्णा २०१६ मध्ये गेले. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज काढायला मी एका बँकेत गेलो. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा घेऊन घरी आला, पूर्वेकडे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “नकाशात इथे मोकळी जागा आहे.” मी त्याच्यापुढे तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या ठेवल्या. त्याने त्या परत माझ्याकडे सरकवल्या. “हा कर आहे. परवानगी नव्हे.” नकाशा आणि जागा यांचा मेळ बसेपर्यंत कर्ज मिळणार नव्हते.

त्याचे म्हणणे बरोबर होते. महापालिकांच्या कायद्यात तर हे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर कर आणि दंडाची रक्कम (जिला आपण ‘शास्ती’ म्हणतो) वसूल करता येते. पण ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झाले असे मानता येत नाही. पावती आणि परवानगी ही दोन वेगळी खाती आहेत.

नियम आला कुठून

आपल्याच जागेत बांधायला परवानगी लागते, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात कलम ३४२ आहे. असलेल्या इमारतीत वाढ किंवा फेरफार करायचा असेल तर आधी आयुक्तांना नोटीस द्या, असे ते सांगते. पुढे १९४९ मध्ये राज्यातल्या इतर महापालिकांसाठी जो कायदा झाला, त्यात तोच विषय कलम २५४ मध्ये आला.

पण नुसत्या सूचनेला अर्थ आला तो प्लेगनंतर. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. दाटीच्या, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या घरांत साथ फैलावते, असे तेव्हाच्या वैद्यकाचे मत होते. उंदीर आणि पिसवा यांचा पत्ता पुढे लागायचा होता. या साथीतून १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ जन्मला. दोन घरांमध्ये मोकळी जागा किती हवी, याचे माप या ट्रस्टने भूमितीने मांडले. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ज्याचा आग्रहाने पाठपुरावा केला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम असा : खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर साडेत्रेसष्ट अंशांत वर जाणारी एक रेषा कल्पायची. समोरचे कोणतेही बांधकाम त्या रेषेच्या वर जाता कामा नये. हिशेबाने याचा अर्थ सोपा होतो. समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको.

हा नियम वाचल्यावर मी टेप घेऊन आमच्या पूर्वेच्या बाजूला गेलो. १९८७ पूर्वी काकूंची खिडकी आणि आमची भिंत यांत अंतर होते तेरा फूट. म्हणजे आमची भिंत सव्वीस फुटांपर्यंत उंच चालली असती. होती बाराच फूट. खोली काढल्यावर अंतर उरले तीन फूट. तीन फुटांना सहा फुटांची भिंत परवडते. आमच्या खोलीची भिंत अकरा फुटांची आहे. काकूंना दिवसा दिवा का लावावा लागला, ते मला एकतीस वर्षांनी एका गुणाकारात समजले.

काकूंच्या हातात काही नव्हते असे नाही. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीला वीस वर्षे शांतपणे, विनाखंड मिळत आलेल्या उजेड-वाऱ्यावर हक्क तयार होतो. त्यांची खिडकी वीस वर्षांहून कितीतरी जुनी होती. पण त्या हक्कासाठी दिवाणी दावा लावावा लागतो, आणि ज्या घरी संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचे त्या घरावर दावा कोण लावतो? बांधकाम परवानगीच्या नियमाचे खरे मोल मला इथे दिसले. शेजाऱ्याला शेजाऱ्याशी भांडावे लागू नये म्हणून ते काम नियम आधीच करून ठेवतो. आम्ही तो नियम टाळला, आणि भांडण न करण्याची किंमत काकूंनी एकट्याने दिली.

प्लेगने आणखी एक वारसा ठेवला. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या कारभारात सोजीर घरांत शिरले, माजघरापर्यंत गेले. हवा-उजेडाचा नियम आणि ‘सरकारचा माणूस घरात शिरतो’ ही धास्ती, दोन्ही आपल्याकडे त्याच काही वर्षांत घट्ट झाली असे मला वाटते. धास्ती पिढ्यांमागून पिढ्या टिकली. नियमाचे कारण मात्र विसरले गेले.

पुढची वाटचाल थोडक्यात अशी. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने योजना आखण्याचा अधिकार पालिकांना दिला. १९५४ च्या कायद्याने अख्ख्या शहराचा विकास आराखडा करणे त्यांच्यावर बंधनकारक केले. त्याची जागा ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याने घेतली. तो ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला, आणि आज आपण खोली काढतो ती याच कायद्याखाली.

आजचा नियम काय विचारतो

या कायद्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले बांधकाम तर त्यात येतेच, शिवाय इमारतीत केलेला महत्त्वाचा बदल आणि वापरातला बदलही येतो. कलम ४३ प्रमाणे असा विकास परवानगीशिवाय करता येत नाही. अपवाद दुरुस्ती-देखभालीचा, आणि केवळ आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरचे रूप फारसे न बदलणाऱ्या कामांचा. गिलावा, रंग, फरशी, ओट्याची फेरमांडणी यांना कुणी अडवत नाही. पडवी भिंत घालून बंद केली, गच्चीवर पक्की खोली घेतली, मोकळ्या जागेत स्नानघर काढले, की परवानगी लागते.

परवानगी मागताना नियम आपल्याला तीन गोष्टी विचारतो, आणि लोक या तिन्हींची गल्लत करतात.

पहिली, किती बांधायचे? याचे माप म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, बोलीभाषेतला एफएसआय. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे. तिच्यात दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागासाठी मूळ निर्देशांक १.१० आहे. आमच्या १८० चौरस मीटरच्या प्लॉटवर म्हणजे १९८ चौरस मीटर. मंजूर घर होते ९२ चौरस मीटरचे. आम्हाला १०६ चौरस मीटर बांधायची मुभा होती, तीही अधिमूल्य भरून मिळणारे जादा क्षेत्र न धरता.

दुसरी, कुठे बांधायचे? याचे माप म्हणजे सामासिक अंतर. इमारतीच्या चारही बाजूंना हद्दीपर्यंत सोडायची ही जागा. वहीच्या पानाला समास सोडतात तसाच हा समास. तो किती असावा हे प्लॉटचे क्षेत्र, समोरचा रस्ता आणि इमारतीची उंची यांवर ठरते. उंच इमारतीत उंचीच्या प्रमाणात समास वाढतो. ऑरसाहेबांची भूमिती त्यात अजून जिवंत आहे. या जागेतून उजेड येतो, आगीच्या वेळी माणूस बाहेर पडतो, पावसाचे पाणी मुरते, सांडपाण्याची नळी तुंबली तर तिच्यापर्यंत पोचता येते. एफएसआय शिल्लक आहे म्हणून समासात बांधता येत नाही. आमच्या घराचे चुकले ते नेमके इथे.

तिसरी, पेलणार का? जुन्या घरावर माडी चढवायची तर पाया आणि भिंती ते वजन घेतील असा संरचना अभियंत्याचा दाखला लागतो. सदनिकांमध्ये हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तिथला खांब एकट्याच्या मालकीचा नसतो. जुलै २०१७ मध्ये मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा तपासाचा रोख तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडे होता. गॅलरी आत घ्यायची असो वा भिंत काढायची असो, गृहनिर्माण संस्थेची ना-हरकत आणि पालिकेची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीचे काम होत नाही.

नदीकाठच्या गावांना चौथी गोष्टही बघावी लागते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. दोन रेषांच्या मधे बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर वर हवे. २०१९ आणि २०२१ चे पाणी ज्यांनी पाहिले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

अर्ज मात्र आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. नव्या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर ठरावीक अटींत नकाशा व कागदपत्रे देऊन, शुल्क भरून पालिकेला कळवले, की पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला परवानाधारक अभियंत्याच्या किंवा वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. मोठ्या कामांसाठी कलम ४५ मध्ये साठ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण प्रस्ताव सर्व नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. ही अट न वाचता ‘साठ दिवस झाले’ म्हणून पाया खणणारी माणसे मी पाहिली आहेत. नकार आला तर कलम ४७ प्रमाणे राज्य शासनाकडे चाळीस दिवसांत अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, आणि दरवर्षी अर्ज करून जास्तीत जास्त आणखी तीन वर्षे वाढवून घेता येते. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे. हा शेवटचा कागद बहुतेक जण घ्यायचा विसरतात आणि तोच पुढे लागतो.

‘पुढे नियमित होईल’

दुकानात ऐकू येणारे दुसरे वाक्य हे. त्याला आधार आहे हेही मान्य करायला हवे. २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांसाठी. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२-अ घालून २०१५ अखेरपर्यंतची काही अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली गेली. प्रत्येक तारखेने लोकांना एकच धडा दिला : थांबणारा शहाणा, अर्ज करणारा खुळा.

पण या सवलतींच्या अटी वाचल्या की उत्साह ओसरतो. नदी-नाले, निळी पूररेषा, धोकादायक इमारत यांना २०१७ च्या नियमांत जागाच नाही. दुसरीकडे कलम ५२ मध्ये विनापरवाना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंड, तर कलम ५३ मध्ये नोटीस देऊन बांधकाम काढण्याचा अधिकार आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बरीच वर्षे गेली, अधिकारी गप्प राहिले किंवा पैसा ओतला गेला, एवढ्यावरून अनधिकृत बांधकाम अधिकृत ठरत नाही. पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला पाहिल्याशिवाय इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये, असेही त्या निकालात बँकांना बजावले आहे. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांभाळली होती. सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण आणि न्यायालयाचा आदेश असलेली प्रकरणे सोडता, पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय कुणाचे घर पाडता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. नियम मोडणाऱ्यालाही नियमाचे संरक्षण आहे. पण नियम मोडल्याचे फळ कायम राहण्याची हमी नाही.

पिवळा आणि लाल

अभिलेख कक्षात मला आमच्या घराचा १९७४ चा नकाशा मिळाला. निळसर पडलेला, घड्यांवर फाटलेला. त्यात पश्चिमेला जिना दाखवला होता आणि त्याच्या शेजारी कारकुनी अक्षरात लिहिले होते, ‘भविष्यातील माडी’. मी बराच वेळ ते तीन इंच बघत राहिलो. अण्णांना वर बांधता आले असते. नकाशा काढणाऱ्याने तेरा वर्षे आधी वाट काढून ठेवली होती. तीन फुटांची फट करून कुणाच्या स्वयंपाकघरात अंधार पाडण्याची गरजच नव्हती. फक्त एकदा कचेरीची पायरी चढायला हवी होती. ती चढायची नाही म्हणून आम्ही शेजाऱ्याच्या उजेडात बांधले.

२०२२ मध्ये आम्ही अर्ज केला. कागद जमवायलाच चार महिने गेले : मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे, मोजणी, अभियंत्याची पाहणी. नकाशावर पाडायचे बांधकाम पिवळ्या रेघांनी आणि नवे लाल रंगाने दाखवतात. आमच्या नकाशात पूर्वेकडचा चौकोन पिवळा होता आणि माडीवरची २२ चौरस मीटरची खोली लाल. दादाला ते आवडले नाही. “तुझ्या वहिनीने त्या खोलीत संसार मांडला होता,” एवढेच म्हणाला. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते, अजूनही नाही. पहार मात्र पहिल्यांदा त्यानेच घातली.

माडी झाल्यावर पूर्वेची आमची भिंत बावीस फुटांची झाली आहे. मधे पुन्हा तेरा फूट जागा आहे, सव्वीसच्या आत. काकू आता नाहीत. त्यांच्या सुनेने त्या खिडकीतला ट्यूबलाइट काढून तिथे तुळशीची कुंडी ठेवली आहे. तिला एफएसआय आणि सामासिक अंतर यांच्याशी काही देणे-घेणे नाही. ऊन येते एवढे तिला कळते.

दुकानात येणाऱ्याला मी आता परवानगीचे विचारत नाही. आधी विचारतो, “घराचा मंजूर नकाशा पाहिलाय का?” बहुतेकांनी पाहिलेला नसतो. तो पालिकेत अर्ज करून मिळतो. त्यात आपण बांधलेल्या भिंती असतात, त्या तर आपल्याला पाठच असतात. न बांधलेली जागा कुठे आहे ती आधी बघा, आणि तिच्या पलीकडे कुणाची खिडकी आहे तेही.